आठ गाण्यांची किल्ली

"पैसे आपण दिले, आणि हे आपल्यालाच विचारतंय, तू कोण."

जयसिंगराव माझ्या कानाशी पुटपुटले. मला नव्हे, कॉम्प्युटरला. माझं दुकान एवढंसं. झेरॉक्सचं मशीन, कागदांचे गठ्ठे आणि एक टेबल, की संपलं. मी खुर्चीत, ते मागे उभे, आणि आम्हा दोघांचं तोंड त्या पडद्याकडे. पडद्यावर इंग्रजीतली चौकट पुन्हा आली होती.

"काय म्हणतंय ते नीट वाचा की अक्का."

"तेच म्हणतंय. हे गाणं वाजवायचा परवाना तुमच्याकडे नाही. परवान्यासाठी कंपनीशी बोला."

"नंबर पुन्हा घाला."

"अकरा वेळा घातला."

"बारावा घाला. मशीनलासुद्धा कधीमधी दया येत असेल."

मी बाराव्यांदा घातला. कार्डावरचे सोळा आकडे मला आता पाठ झाले होते. चौकट आली. जयसिंगरावांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली आणि पुन्हा घातली. बेदाण्याच्या सौद्यात भाव पडला की ते असंच करतात म्हणे.

तो सोमवार होता. गुरुवारी सकाळी मिरजेला माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं. जयसिंगराव तिचे यजमान, आणि त्या चौकटीमागं अडकलेली आठ गाणी तिची होती. तिच्या स्वतःच्या गळ्यातली.

शालन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तासगावात कुणाच्याही लेकीसुनेला सातवा महिना लागला, झोपाळा फुलांनी मढवला, की शालनला बोलावणं जायचं. डोहाळजेवणाची गाणी म्हणणाऱ्या बायका आमच्याकडे पुष्कळ, आणि शालनपेक्षा गोड आवाजाच्याही होत्या. पण शालन गायला लागली की झोपाळ्यावर अवघडून बसलेली पोर हळूच पाय सैल सोडायची. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय. हिरव्या साडीखाली घट्ट जुळवलेली पावलं, आणि दुसऱ्या कडव्याला ती सुटलेली. ज्या पोरीला सासूनं सकाळपासून रडवलंय तिचीसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीनं तिची आठ गाणी भरून घेतली होती. कंपनी नव्या वळणाची होती. कॅसेट नाही, सीडी नाही. दुकानातून एक कार्ड विकत घ्यायचं, त्यावरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घालायचा, की गाणी उतरणार. ज्या कॉम्प्युटरवर उतरली त्याच्यावरच वाजणार, दुसरीकडे नाही. "चोरीला वावच ठेवलेला नाही वहिनी," असं तो पुण्याचा माणूस मोठ्या अभिमानानं म्हणाला होता. ही गाणी नीट खपली तर पुढच्या वर्षी आणखी आठ घेऊ, असंही म्हणाला होता. शालनकडं कॉम्प्युटर नव्हता. म्हणून माझ्या दुकानात ती गाणी उतरली, आणि दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की शालन यायची, रद्दीच्या गठ्ठ्यावर बसायची आणि स्वतःला ऐकायची. "इथं श्वास चुकलाय," म्हणायची. मला तो कधीच सापडला नाही.

एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. दर काही महिन्यांनी ती गाणी गुपचूप कंपनीला विचारून येत होती, वाजू का? कंपनी म्हणे, वाज. त्या वर्षी शालनचा घसा बसला, मग दवाखाने सुरू झाले, आणि पाच-सहा महिने कुणी ती लावलीच नाहीत. मधल्या काळात कंपनीच हो म्हणायची बंद झाली. गाणी आमच्याकडे होती. किल्ली त्यांच्याकडे.

"अक्का, बुधवारपर्यंत व्हायला पाहिजे," जयसिंगराव म्हणाले.

"माहीत आहे."

"बुधवारी पाच वाजता डॉक्टर तिला सांगणार आहेत."

"माहीत आहे म्हटलं ना."

शालनच्या गळ्यातली गाठ साधी नव्हती. स्वरयंत्र सगळंच काढावं लागणार होतं. जीव वाचेल, खायला-प्यायला येईल, श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचा. आवाज नाही. डॉक्टरांनी हे आम्हा दोघांना व्हरांड्यात उभं करून सांगितलं होतं, आणि "त्यांना तुम्हीच सांगा, घरच्या माणसाच्या तोंडून बरं असतं, नाहीतर आदल्या दिवशी सही घेताना मला सांगावंच लागेल," असंही म्हणाले होते. आम्ही होय होय म्हणून मान हलवली आणि आत जाऊन शालनला सांगितलं, छोटी गाठ आहे, काढून टाकतील, मग थोडे दिवस मौन. ती म्हणाली, "बरं." तिची लेक अश्विनी तेव्हा तिथंच पाणी ओतत होती. तिला आम्ही जिन्यात नेऊन खरं सांगितलं. म्हणजे शालन सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आणि अशूला सहावा महिना होता.

इथं सगळं अडलं होतं. गावातल्या कितीतरी झोपाळ्यांशी बसून गायलेली बाई, तिच्या स्वतःच्या एकुलत्या एका लेकीचं डोहाळजेवण पुढच्या महिन्यात. आमच्यात सातवा लागल्याशिवाय झोपाळा बांधत नाहीत. ऑपरेशनआधी उरकून घेऊ म्हणावं, तर शालननं विचारलं असतं, घाई कसली. आणि त्याचं उत्तर एकच होतं. म्हणून कुणी ते काढलंच नाही. उलट शालननंच रविवारी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, त्या पत्रा घासल्यासारख्या आवाजात, "अक्का, समज माझा घसा महिन्यात नाही सुटला, तर तुझ्या दुकानातली गाणी लावू. अशूला माझ्याच गळ्यातलं पाहिजे. ऑपरेशनच्या आधी एकदा मला ऐकव, कुठलं कधी लावायचं ते सांगून ठेवते."

मी म्हटलं, त्यात काय, मोबाईलवर भरून बुधवारी आणते. माझ्या मनात आलं, देवानंच वाट काढून दिली. आपण तिला काही सांगायला नको, आणि अशूला आईचं गाणं मिळेल. त्या रात्री मी महिन्याभरात पहिल्यांदा नीट झोपले. आणि सोमवारी दुकान उघडून गाणं लावलं, तर ती चौकट.

मंगळवारी पहाटेच्या गाडीनं जयसिंगराव पुण्याला गेले. कार्डावरचा पत्ता, कार्ड आणि शालनचा एक फोटो घेऊन. फोटो कशाला, असं मी विचारलं नाही. माणसाला रिकाम्या हातानं जाववत नाही.

दुपारी त्यांचा फोन आला.

"अक्का, इथं फरशीचं दुकान आहे."

"शेजारी विचारा की."

"विचारलं. कंपनी सहा महिन्यांपूर्वी गुंडाळली. सामान कोर्टानं सील केलंय म्हणे. तो माणूस दुबईला." थोडं थांबून म्हणाले, "दुकानवाला चांगला आहे. चहा पाजला. म्हणाला, तुमच्यासारखे आधी चारजण येऊन गेले. एकजण बंगलोरहून आला होता. त्याच्या वडिलांची कीर्तनं होती म्हणे."

"मग तो काय म्हणाला? फरशीवाला?"

"म्हणाला, ज्यांनी चोरून घेतली त्यांची वाजतायत. ज्यांनी विकत घेतली तेच सगळे माझ्या दारात येतात."

मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून दस्तगीरकडं निघाले. त्या फरशीवाल्यानं मला जे सुचवलं ते कालपासून माझ्या मनात होतंच. मी त्या विचाराकडं बघत नव्हते एवढंच.

दस्तगीर मुजावरचं मोबाईलचं दुकान स्टँडच्या मागच्या अंगाला. पाटीवर लिहिलेलं, मेमरी कार्ड भरून मिळेल. मी पायरीशी थांबले. शेवटची याच पायरीवर उभी राहिले होते त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हा मी त्याला चोर म्हटलं होतं. गिऱ्हाइकांसमोर.

झालं होतं असं. एका डोहाळजेवणात कुणाच्या तरी मोबाईलवर शालनचं गाणं वाजलं. मी कान टवकारले. गाण्यामागं एक खर्रखट्ट खर्रखट्ट आवाज, आणि दुसऱ्या कडव्याच्या मधोमध एक बाई विचारते, "एका बाजूनं का दोन्ही?" ती बाई मी होते. आणि तो आवाज माझ्या झेरॉक्स मशीनचा. दस्तगीर आधारकार्ड की रेशनकार्ड कसलीतरी प्रत काढायला आला असताना खिशातला मोबाईल चालू ठेवून त्यानं एक-एक करत पाच गाणी नेली होती, आणि लोकांच्या कार्डांत भरली होती.

मी तरातरा गेले. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या मशीनवर अख्खं गाईड छापून निघतंय. मी चार गाणी घेतली तर चोर?"

"गाईड लिहिणारा माझ्या घरचा नाही," मी म्हटलं. "गाणारी माझी बहीण आहे. गाणी खपली नाहीत तर पुढची आठ घेणार नाहीत तिची."

 मग त्यानं माझ्यासमोर कॉम्प्युटरवरची पाचही गाणी पुसली. मी तेवढ्यावर थांबले असते तर. पण मी त्याच्याकडून नावं काढून घेतली, कुणाकुणाला दिलीत, आणि हळदीकुंकवाला जावं तशी घरोघरी गेले. सव्वीस घरं. बायका लाजल्या, हसल्या, "अगबाई, शालनताईंचं नुकसान होतंय हे माहीतच नव्हतं," म्हणाल्या. एकीनं एका हातानं पोह्यांची बशी पुढं केली आणि दुसऱ्या हातानं माझ्या डोळ्यांदेखत गाणं पुसलं. वर त्यातल्या नऊ घरांना मी कार्ड घ्यायला लावलं. शालनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का, तू पोलिसात भरती का झाली नाहीस?" पण खूश होती. मीही होते.

"या वहिनी," दस्तगीर म्हणाला. पायरीवर ताटकळलेलं त्यानं पाहिलं असणार. "कार्ड भरायचंय?"

त्याचा टोमणा मला लागला नाही, एवढी मी घाईत होते. "दस्तगीर, ती गाणी. शालनची. तुझ्याकडं आहेत का?"

"तुमच्यासमोर पुसली की."

"ते झालं. पण ठेवली असशील कुठंतरी. मी काही बोलणार नाही. हवं तर पैसे घे."

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "नाही ठेवली वहिनी."

"अरे, सगळेच ठेवतात."

"मी ठेवणार होतो. मग शालनताई दुसऱ्या दिवशी इथं आल्या. म्हणाल्या, अक्का जरा तापट आहे, मनावर घेऊ नको. माझ्या बायकोला तेव्हा आठवा होता. ताई घरी येऊन गाऊन गेल्या, काही न घेता. त्यानंतर कशी ठेवू?" तो माझ्याकडं बघत राहिला. "ताई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. गळ्यात छोटी गाठ आहे. गुरुवारी काढणार."

त्याला मी दोन वाक्यांत तेच सांगितलं जे शालनला सांगितलं होतं, आणि त्यानं ते शालनसारखंच घेतलं, म्हणजे "बरं" म्हणाला आणि मान खाली घातली. मग उठून दुकानाचं अर्धं दार लावलं, खणातली जुनी, तुटकी, लोकांनी परत न नेलेली कार्डं टेबलावर ओतली आणि एकेक मशीनला लावून बघायला लागला. पुसलेलं परत काढायची कसलीशी युक्ती त्याला येत होती. मी स्टुलावर बसले. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन ओरडून गेली.

दीडएक तासानं त्यानं मला हाक मारली. पडद्यावर मराठीत ओळ होती, त्यानंच कधीतरी टाइप केलेली: शालनताई डोहाळे तीन.

"लाव."

त्यानं लावलं. काही झालं नाही. त्यानं आवाज पूर्ण मोठा केला. स्पीकरमधून नुसता हूं असा वारा आला.

"नाव राहिलंय वहिनी," तो म्हणाला. "आत काही नाही."

तिथून मी घरं घेतली. सव्वीसच्या सव्वीस नाही, पण अकरा झाली. सगळीकडे तेच. "तुमच्यासमोरच पुसलं की हो." ज्या नऊ घरांनी कार्डं घेतली होती तिथं ती चौकट होती, आणि त्यातल्या दोघींनी मलाच विचारलं, हे कसं सुरू करायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळं गाव एकाच वेळी प्रामाणिक निघालं होतं.

शेवटी माळी गल्लीतल्या सुरेखाबाईंकडं. त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाचं व्हिडिओ शूटिंग झालं होतं, आणि तिथं शालन गायली होती, समोर कॅमेरा असताना. हे मला आधी सुचलं नाही याचंच नवल वाटलं. सुरेखाबाईंनी कपाटातून सीडी काढली, टीव्ही लावला. सून आत पोळ्या लाटत होती, तीही पीठभरल्या हातानं येऊन उभी राहिली. झोपाळा आला. मोगऱ्याचे गजरे आले. धनुष्यबाण घेतलेली लाजणारी सून आली. आणि मग शालन. जांभळी साडी, उजवा हात मांडीवर ताल धरतोय, तोंड उघडलं.

शूटिंगवाल्यानं सगळ्यावर सिनेमातलं गाणं चढवलं होतं. पावसात भिजणाऱ्या नटीचं. शालनचे ओठ हलत होते, भुवया वर जात होत्या, मधेच ती कुणाकडे तरी बघून हसली, आणि तिच्या तोंडून ती पोरगी ओल्या पदराबद्दल गात होती.

"तेव्हा आम्हाला हेच भारी वाटलं होतं," सुरेखाबाई म्हणाल्या. "मूळचा आवाज त्यानं टाकून दिला."

मी ते शेवटपर्यंत बघितलं. चार मिनिटं. शालनचे ओठ बघून मला शब्द कळत होते. तिचं तिसरं गाणं होतं.

आज अशूचा मुलगा मिसरूड फुटायच्या बेतात आहे. आवाज फुटलाय त्याचा, घोगरा बोलतो. आजीचा आवाज कसा होता म्हणून त्यानं मला एकदा विचारलं. मी झोपाळ्यावरच्या पोरींच्या सुटणाऱ्या पायांचं सांगितलं. त्याला काय कळणार.

बुधवारी दुपारी साडेतीनला मी मिरजेला पोचले. जयसिंगराव रात्री पुण्याहून परस्पर तिथंच गेले होते आणि तेच कपडे अंगावर होते. खाटेच्या पायथ्याशी अशू, मांडीवर डबा ठेवून बसलेली. शालन उशीला टेकून वेणी घालत होती.

"आलीस," ती म्हणाली. आवाज रविवारच्याहून खाली गेला होता. "आण."

सगळा रस्ता मी एक वाक्य घोकलं होतं. ते म्हटलं. "कंपनी पाठवणार आहे. थोडा वेळ लागेल, पण महिन्यात नक्की."

"अक्का."

"काय?"

"फरशीवाला पाठवणार आहे होय?"

मी जयसिंगरावांकडं बघितलं. ते खिडकीकडं बघत होते. त्यांच्याकडून तिनं सकाळीच काढून घेतलं होतं. मग मी बसले आणि सगळं सांगितलं. दस्तगीरचं, अकरा घरांचं, सुरेखाबाईंच्या सीडीचं. सांगताना माझा आवाज मला नको इतका मोठा वाटत होता.

"कुठलं गाणं घातलंय माझ्या तोंडी?" शालननं विचारलं.

"पावसातलं. पदर भिजतो ते."

ती हसायला लागली. हसण्याचा आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग खोकला आला. अशूनं पाठ चोळली.

"मीच पुसायला लावलं शालन," मी म्हटलं. "घरोघर जाऊन. मी गेले नसते तर आज प्रत्येक घरात असतं."

"मागं तुझी खर्रखट्ट असती."

"असती तर असती."

"एका बाजूनं का दोन्ही," ती म्हणाली, हुबेहूब माझ्यासारखं, त्या फाटक्या आवाजात. अशू हसली आणि हसता हसता तिनं तोंड फिरवलं.

 साडेचार होत आले होते. जयसिंगरावांनी घड्याळाकडं बघितलेलं मी पाहिलं, आणि मी बघते आहे हे त्यांनी पाहिलं.

"आई, गाणी नाहीत तर नाहीत," अशू म्हणाली. फार भराभर. "तूच म्हणणार आहेस की. महिना आहे अजून."

"होय की," मी म्हटलं. "तोवर घसा सुटेल."

"डॉक्टर म्हणालेत," जयसिंगराव खिडकीकडंच बघत म्हणाले, "मौन नीट पाळलं तर लवकर फरक पडतो."

"आणि गरम पाणी," मी म्हटलं. "ज्येष्ठमध."

"माझ्या सासूबाई सितोपलादी देणार आहेत," अशू म्हणाली.

शालन आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघत होती. लहानपणी आम्ही घर-घर खेळायचो आणि मी खोट्या चुलीवरचं खोटं जेवण वाढायची, तेव्हा ती असंच बघायची, आणि माझं मन राखायला जेवायची. तिनं वेणीचं टोक बांधलं. ती मागं टाकली.

"जयसिंगराव, इकडं बसा," ती म्हणाली. नवऱ्याला ती चारचौघांत नावानं हाक मारत नसे. ते येऊन खाटेच्या कडेला बसले. तिनं अशूच्या मांडीवरचा डबा उचलून बाजूला ठेवला. "अक्का, खाली जा. दर्ग्याच्या रस्त्याला फुलवाले बसतात. मोगरा मिळाला तर बघ, नाहीतर शेवंती चालेल. एक नारळ आण. तांदूळ इथल्या कँटीनमध्ये मागितले तर देतील मूठभर."

"कशाला गं?"

"अशूची ओटी भरायचीय."

"अगं, अजून सातवा लागला नाही."

"माहीत आहे मला. तिची आईच आहे मी."

"मग घाई कसली शालन," मी म्हटलं. म्हणायला नको होतं. पण पंधरा दिवस आम्ही सगळे त्याच प्रश्नाला भिऊन होतो, आणि तो माझ्याच तोंडून गेला.

जयसिंगरावांनी टोपी काढली.  शालननं ती टोपी त्यांच्याकडून घेतली आणि उशीशेजारी ठेवली. मग अशूचं मनगट धरलं.

"पंधरा दिवस झाले, तुम्ही सगळे माझ्याशी हळू बोलताय," ती म्हणाली. "मोठ्यानं कुणी भांडत नाही, काही नाही. आणि व्हरांड्यातलं बोलणं आत ऐकू येतं. मी तुमची वाट बघत होते. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग म्हटलं, गाणी मिळाली तर कशाला सांगायला लावू, चालू दे तुमचं." तिला थांबावं लागलं. घोटभर पाणी प्याली. "अक्का, जा आता. फाटका तर फाटका, आहे तेवढ्यात गाते पोरीला. उद्या माझा आवाज काढून टाकणार आहेत, आणि तो परत यायचा नाही."